सेकंडहँड कॉम्प्युटर घरी आला; आता विंडोज १० ठेवायचं की ११ टाकायचं?

माझ्या मामेबहिणीने डीटीपीच्या कामासाठी नुकताच कॉम्प्युटर घेतला. नवा म्हणजे तिच्यासाठी नवा. कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला, इंटेलचा आठव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी, आत विंडोज १०. दुकानदार म्हणाला, "ताई, आहे तेच वापरा, ११ जड पडेल." मी तिला उलट सांगितलं: कामाची एकही फाइल त्यात टाकायच्या आधी ११ टाकून बघ. मशीन रिकामं आहे तोवर काही बिघडलं तरी नुकसान शून्य. एकदा लग्नसराई सुरू झाली आणि पत्रिकांच्या फाइली साठल्या, की सिस्टिमला हात लावायचं धाडस होत नाही.

आधी १० ची बाजू. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा मोफत सपोर्ट थांबवला. मशीन त्यामुळे बंद पडत नाही, पण सुरक्षेत नवी सापडलेली भगदाडं बुजवली जात नाहीत. ज्या कॉम्प्युटरवर बँकेचे व्यवहार होतात, गिऱ्हाइकांची आधार कार्डं स्कॅन होतात, तिथे हे चालवून घेऊ नये. घरगुती वापरकर्त्यांसाठी एक वर्षाची वाढीव मुदत आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं हवं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्याला जोडला तर ही मुदत फुकट मिळते, नाहीतर ३० डॉलर भरायचे. यात फक्त सुरक्षेची अपडेट येतात, नवं काही नाही.

११ साठी पैसे लागत नाहीत, मात्र मूळ विंडोज १० अस्सल हवं. सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅक्टिव्हेशन' उघडून डिजिटल लायसन्स दिसतं का ते पाहा. दिसलं नाही तर अपग्रेडचा विचार नंतर, आधी दुकानदाराकडे जा. मशीनच्या अटी अशा: साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल किंवा रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर, टीपीएम २.० (किल्ल्या आणि पासवर्ड जपणारी सुरक्षा-चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय). रॅम कागदोपत्री ४ जीबी पुरते. मी ८ च्या खाली सल्लाच देणार नाही.

बहिणीच्या मशीनमध्ये हे सगळं होतं, तरी 'पीसी हेल्थ चेक' या मायक्रोसॉफ्टच्या तपासणीत लाल फुली आली. दुकानदाराच्या "११ जड पडेल"चा उगम इथेच असावा. स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडलं तर 'बायोस मोड'समोर (बायोस म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणारा मशीनचा मूळ प्रोग्राम) 'लेगसी' लिहिलेलं. म्हणजे हार्डवेअर सक्षम, पण विंडोज जुन्या पद्धतीने टाकलेलं. सेकंडहँड मशीनमध्ये हे दिसलं तर लगेच ती नापास समजू नका. रिकाम्या मशीनवर सरळ उपाय असा: बायोसमध्ये यूईएफआय हा नवा मोड आणि सिक्युअर बूट चालू करा, टीपीएम चालू करा (इंटेलमध्ये हा पर्याय 'पीटीटी' नावाने सापडतो) आणि पेन ड्राइव्हवरून ११ नव्याने टाका. आतला डेटा ठेवायचा असेल तर विंडोजमध्येच असलेल्या एमबीआर-टू-जीपीटी या साधनाने आधी डिस्क बदला, मगच बायोसला हात लावा. क्रम उलटा झाला तर विंडोज सुरूच होणार नाही. बॅकअप दोन्ही वाटांवर घ्यायचाच. आम्ही पहिली वाट धरली आणि तासाभरात मोकळे झालो.

नव्याने टाकताना आणखी एक गोष्ट. ११ च्या अलीकडच्या आवृत्त्या मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केल्या की बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही. ती उघडायची किल्ली, म्हणजे रिकव्हरी की, त्या खात्यात साठते. ती वहीत उतरवून ठेवा. खात्याचा पासवर्ड हरवला आणि मशीनने की मागितली, तर डेटा परत मिळवायला दुसरी वाट नाही.

रोजच्या वापरातला फरक मला फार मोठा वाटत नाही. स्टार्टचं बटण मधोमध येतं, ते डावीकडे नेता येतं. राइट क्लिकचा मेनू आखडलेला आहे, त्याची सवय व्हायला आठवडा लागतो.

मराठी टायपिंगचं काय, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक कीबोर्ड दोन्हीकडे सारखेच. 'मंगल' फॉन्टमधलं जुनं पत्र वेगळं दिसायला लागलं तर घाबरू नका. तो फॉन्ट १० पासूनच ऐच्छिक झाला आहे. मराठी भाषा जोडली की तो सहसा आपोआप येतो, नाहीतर 'ऑप्शनल फीचर्स'मधून देवनागरीचे पूरक फॉन्ट घ्या. श्रीलिपी, कृतिदेव यांचे जुने फॉन्टही ११ वर बसतात.

खरी अडचण डोंगलची, म्हणजे जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर ज्याच्याशिवाय चालत नाही त्या यूएसबी किल्लीची. अशा जुन्या डोंगलचा ड्रायव्हर ११ मधल्या 'मेमरी इंटेग्रिटी' या सुरक्षेला चालेलच असं नाही. ती बंद करून काम भागतं, पण मग ११ घेण्याचं एक मोठं कारणच गेलं. शिवाय ११ फक्त ६४ बिटचं आहे. ३२ बिट विंडोज १० वर तग धरून असलेला १६ बिटचा प्रोग्राम तिथे उघडणार नाही. प्रिंटर आणि स्कॅनरचे ड्रायव्हरही आधी कंपनीच्या साइटवर पाहून घ्या.

म्हणून माझं मत सरळ आहे. आठव्या पिढीचं किंवा पुढचं मशीन, ८ जीबी रॅम आणि डोंगल नसेल तर ११, आणि तेही पहिल्याच आठवड्यात. असलेल्या १० वरूनच अपग्रेड केलंत तर १० दिवस माघारी जाता येतं, त्या दिवसांत प्रत्येक प्रिंटरवर एक-एक पान छापून बघा. सहाव्या-सातव्या पिढीचं मशीन अजून घेतलं नसेल तर घेऊ नका. घेतलं असेल आणि काम ब्राउझर-पत्रव्यवहारापुरतं असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम उत्तम चालते. अटी डावलून ११ घालून देणारे भेटतील, पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

बहिणीचं काम युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर डोंगलशिवाय उघडणाऱ्या मराठी अक्षरांत, त्यामुळे तिचा निर्णय सोपा होता. माझ्या टेबलावरचं डोंगल मात्र जुनं आहे, म्हणून माझं मशीन वाढीव मुदत घेऊन १० वरच आहे. तोवर रोज संध्याकाळी जुन्या पत्रिका आणि अहवाल युनिकोडमध्ये आणतो आहे. कन्व्हर्टर 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' करून ठेवतो, ते एकेक हाताने दुरुस्त करावं लागतं. १३ ऑक्टोबर २०२६ च्या आत सगळ्या फाइली उरकायच्या आहेत.