आठ महिने वापरलेला सात इंची पडद्याचा मायक्रोस्कोप: भिंग ठीक, दिव्यानं फसवलं

आटे गेले म्हणून लिहायला बसलो. मायक्रोस्कोपची मान वरखाली करून जिथं आवळायची, तिथल्या प्लॅस्टिकचे आटे परवा दुपारी गेले आणि अख्खं डोकं खाली येऊन सोल्डरिंगच्या गरम बिटवर, म्हणजे टोकावर, टेकलं. कडेला वाटाण्याएवढा वितळल्याचा डाग पडलाय. भिंग वाचलं, नशीब.

विकणाऱ्याला फोन लावला. वॉरंटी एक वर्षाची, माझा आठवा महिना. तर म्हणे, "सर, स्टँड ॲक्सेसरीत येतो. वॉरंटी फक्त कॅमेऱ्याला." मग कॅमेरा काय दातात धरून काम करू, असं विचारल्यावर व्हिडिओ पाठवा म्हणाला. पाठवला. निळ्या टिका आल्या, उत्तर अजून येतंय. शेवटी कुपवाड एमआयडीसीतल्या लेथवाल्या मामांकडून पितळी बुश बसवून घेतलं, नवा बोल्ट टाकला. 120 रुपये गेले आणि चहा त्यांनीच पाजला. आता मान हलत नाही. हे कंपनीला पहिल्या दिवशी करता आलं नसतं का?

बाकी आकड्यांत जात नाही. फक्त खोक्यावरच्या 1200 पटीचं सांगतो. पहिल्याच दिवशी खाली स्टीलची पट्टी ठेवली. पडदा साधारण 155 मिलिमीटर रुंद. त्यात पट्टीवरचे 10 मिलिमीटर मावले, म्हणजे झाले पंधरा पट. पार खाली नेऊन दीड मिलिमीटर मावला, म्हणजे शंभराच्या आसपास. बाराशे कुठून आणले ते त्यांनाच ठाऊक. पण आयसीच्या, म्हणजे चिपच्या, पायांच्या तपासणीला पंधरा-वीस पट भरपूर होतात. त्याहून जवळ गेलं की खाली बिट घालायला जागाच उरत नाही.

माझं काम स्टार्टर, ठिबकचे कंट्रोलर आणि इन्व्हर्टरची कार्डं, म्हणजे सर्किट बोर्ड, दुरुस्त करायचं. 2019 च्या महापुरानंतर तर पाण्यात बसलेली कार्डं पोत्यानं आली होती, पायांखाली हिरवा गंज चढलेली. ती सगळी घड्याळवाल्याचं भिंग डोळ्याला लावून बघितली, मान कायमची वाकडी झाली. त्यामुळं हा पडदा आल्यावर पहिले दोन महिने मी येईल त्याला घ्या म्हणून सांगत होतो. 0603 मापाचा रेझिस्टर, म्हणजे 1.6 बाय 0.8 मिलिमीटरचा, त्यावरचा नंबर चष्म्याशिवाय दिसतोय म्हटल्यावर माणूस खूश होणारच.

मग तासगावकडचे एक आण्णा आले. द्राक्षबागेतला ठिबकचा कंट्रोलर. त्यातला 48 पायांचा आयसी मीच बदलला होता. "मास्तर, परत बंद पडलं की वो. उन्हं तापली की बंद, रात्री पुन्हा चालू." एकदा नव्हे, तीनदा. तीनही वेळा मायक्रोस्कोपखाली चारही बाजू बघितल्या. सगळे पाय चकचकीत. मी क्रिस्टल बदलला, दोन कपॅसिटर बदलले, आण्णांच्या तोंडाकडं बघायची लाज वाटायला लागली.

उलगडा झाला तो लाईट गेल्यावर. पडदा स्वतःच्या बॅटरीवर चालतो, ती टिकावी म्हणून वरचे एलईडी बंद केले आणि पोराला मोबाईलचा टॉर्च बाजूनं तिरका धरायला सांगितला. एका कोपऱ्याजवळच्या पायाच्या टाचेखाली, म्हणजे पाय वाकून बोर्डाला टेकतो तिथं, बारीक काळी रेघ. लाकडी टूथपिकनं ढोसलं, पाय डुलला! पाय पॅडवर, म्हणजे बोर्डावर तो जिथं सोल्डर करतात त्या धातूच्या पट्टीवर, नुसता टेकलेला, उन्हानं बोर्ड जरा ताणला की सुटायचा.

इतके दिवस मी उलटं वाचत होतो. दिवे भिंगाभोवती, उजेड सरळ वरून. सपाट जागेवर पडलेला उजेड सरळ परत येतो, ती जागा पांढरी लखलखते. टाचेला सोल्डर चढून जो उतार होतो, त्यावरून उजेड बाजूला निसटतो आणि तो उतार काळपट दिसतो. म्हणजे मी ज्याला चकचकीत, पक्कं म्हणत होतो ते सोल्डर न चढलेलं सपाट पॅड होतं. कारखान्यात कॅमेऱ्यानं आपोआप तपासणी करणारं एओआय यंत्र असतं, त्यातल्या काहींत वेगवेगळ्या उंचीवर वेगवेगळ्या रंगांचे दिवे बसवतात ते ह्याचसाठी: रंगावरून उतार आहे की सपाटी, हे कळावं.

आणि चकाकीवर तसंही जाऊ नये. शिसं नसलेलं सोल्डर चांगलं बसलं तरी बहुतेकदा मंद, दाणेदार दिसतं. बघायची ती टाच, खरी ताकद तिथंच. बोटाकडच्या, म्हणजे पायाच्या बाहेरच्या टोकाला सोल्डर नसलं तरी घाबरू नका, पाय कापतात तिथं मुलामा नसतो, सोल्डर चढत नाही.

तर आता वरचे एलईडी कायमचे बंद. पोराचा अभ्यासाचा वाकडा दिवा बाजूला आणि त्यावर बटर पेपर. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांना घ्या म्हटलं त्या सगळ्यांना फोन करून हे सांगितलं. एकानं विचारलं, मग परत करू का? नको. कारण दिवा बदलल्यापासून ह्याच भिंगातून जे दिसतंय ते आधी कधी दिसलं नव्हतं.

पडद्यात बघत सोल्डरिंग मात्र जमलं नाही. हात हलल्यावर चित्र क्षणभर मागून येतं आणि खोली कळत नाही. अर्ध्या मिलिमीटरवर एक पाय असताना बिट नेमकी शेजाऱ्यावर टेकते. मी फ्लक्स (सोल्डर नीट चढवणारा चिकट लेप) भरपूर लावून खुराच्या आकाराच्या बिटनं नुसत्या डोळ्यानं सोल्डर ओढून घेतो, दोन पाय जोडून शॉर्ट झालं तर विकनं, म्हणजे सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या जाळीनं, उचलतो, आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) पुसतो आणि मग पडद्याखाली तपासतो. मित्राकडं दोन डोळ्यांनी बघायचा स्टिरिओ मायक्रोस्कोप आहे, त्यात काम करताना स्वर्ग वाटतो. किंमत चौपट, म्हणून तो त्याच्याकडंच शोभतो.

आण्णांचा कंट्रोलर दोन महिने झाले चालू आहे. नवी कटकट वेगळीच. संध्याकाळी बाजूच्या दिव्यावर पाखरं येतात आणि ओल्या फ्लक्सवर चिकटतात. काल एक नेमकं दोन पायांच्या मधे बसलं आणि पडद्यावर बघून मी दहा मिनिटं शॉर्ट समजून विक घासत होतो.