लेखी निवेदन की पत्रकार परिषद?

जुलै 2021 मध्ये गोव्यातील सत्तरी आणि डिचोली तालुक्यांत पुराचे पाणी घरांत शिरले, तशा प्रसंगी वार्ताहरांना माहिती देण्याचे दोन मार्ग प्रशासनापुढे असतात.

लेखी निवेदन ठरावीक वेळी निघाले की मराठी, कोकणी आणि इंग्रजी दैनिकांच्या हाती एकच आकडा पडतो. मात्र ‘परिस्थिती नियंत्रणात आहे’ या वाक्याला उलट प्रश्न विचारता येत नाही, आणि साखळी शहराच्या बाजारात गुडघाभर पाण्यात उभा राहून माल वरच्या फळीवर चढवणाऱ्या दुकानदाराला ते वाचून चीडच येते.

पत्रकार परिषदेत अंजुणे धरणाचे दरवाजे कधी उघडणार, हे तिथल्या तिथे विचारता येते. अट एवढीच, की अधिकारी एकच असावा आणि ‘ठाऊक नाही, तासाभरात सांगतो’ असे म्हणण्याची त्याची तयारी असावी (ती क्वचितच दिसते), अन्यथा त्याचा अंदाजच मथळा होतो. खोट्या इशाऱ्याने घबराट पसरवणाऱ्याला 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात शिक्षा आहे. प्रशासनाच्या मौनासाठी मात्र असे वेगळे कलम नाही. म्हणून पाणी चढत असताना मी परिषदेलाच पसंती देईन. मदतवाटपाच्या याद्यांसाठी निवेदन पुरे.