'इट्स अ गिफ्ट' की 'द ग्रेप्स ऑफ रॅथ': आधी कोणता पाहाल?

अमेरिकेतल्या महामंदीवरचा एखादा जुना चित्रपट सुचवा, असं कुणी म्हटलं की पहिलं नाव चॅप्लिनच्या 'मॉडर्न टाइम्स'चं निघतं. ते योग्यच आहे. पण त्या काळाची आणखी एक गोष्ट आहे. घर मोडलं, होतं नव्हतं ते गाडीवर लादलं आणि सगळं कुटुंब पश्चिमेला, कॅलिफोर्नियाच्या वाटेला लागलं. ही गोष्ट पाहायची असेल तर दोन चित्रपट समोर येतात. एक नॉर्मन मॅक्लाउड यांनी दिग्दर्शित केलेला 'इट्स अ गिफ्ट' (1934), ज्यात डब्ल्यू. सी. फील्ड्स हा विनोदाचा बादशहा आहे. दुसरा जॉन फोर्ड यांचा 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' (1940), स्टाइनबेक यांच्या आदल्याच वर्षी आलेल्या कादंबरीवरचा.

पहिला सव्वा तासाच्या आत आटोपतो, दुसऱ्याला दोन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. दोन्ही कृष्णधवल. पहिल्यात पोट धरून हसाल, दुसऱ्यात घशात आवंढा येईल. एवढ्यावर निवड होत असेल तर पुढे वाचायची गरज नाही. पण मला वाटतं, या दोघांचं नातं याहून जवळचं आहे, आणि ते लक्षात आलं की आधी कोणता पाहायचा याचं उत्तरही मिळतं. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: आधी 'इट्स अ गिफ्ट' पाहा, आणि मग फार दिवस मध्ये जाऊ न देता फोर्डचा.

दोन्ही गोष्टींच्या मुळाशी कागद आहे. फील्ड्सचा हॅरल्ड बिसोनेट हा न्यू जर्सीतल्या एका गावातला किराणा दुकानदार. दुकान जेमतेम चालतं, घरात त्याचं कुणी ऐकत नाही, आणि डोक्यात एकच वेड: कॅलिफोर्नियात संत्र्यांची बाग. काका वारतात, थोडा पैसा हाती येतो आणि हा माणूस न पाहिलेली जमीन विकत घेऊन मोकळा होतो. जमीन कुचकामी आहे, पैसे परत मिळतील, असं खुद्द व्यवहार करून देणारा तरुण सांगतो, तरी हा ऐकत नाही. फोर्डच्या चित्रपटातलं जोड आडनावाचं कुटुंब ओक्लाहोमातलं, कुळानं जमीन कसणारं. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन ट्रॅक्टरनं नांगरून काढली जाते, घर पाडलं जातं आणि यांच्या हाती येतं एक जाहिरातीचं पत्रक: कॅलिफोर्नियात फळं तोडायला आठशे माणसं हवीत. पुढे वाटेतल्या मुक्कामात भेटलेला एक माणूस त्या पत्रकाचं गणित उलगडून सांगतो. मुकादमाला हवीत आठशे माणसं, तो पत्रकं छापतो पाच हजार, आणि ती वाचतात वीस हजार. मग मजुरीचा दर कुठे जाईल ते वेगळं सांगायला नको. हे सांगणाऱ्या माणसाची बायकोमुलं त्या गणितात गेलेली आहेत.

म्हणजे एकाला जमीन विकत घेण्याची भूल पडली, दुसऱ्यांना जमिनीवरून हुसकावून मजुरीची भूल घातली गेली. हॅरल्डकडे गमवायला थोडे पैसे तरी आहेत. जोड कुटुंबाकडे हडसन मोटारीचा केलेला ट्रक, बारा-तेरा माणसं आणि थोडं खारवलेलं डुकराचं मांस. मंदीनं कुणाला किती खाली ओढलं याची ही दोन टोकं आहेत, आणि एक पाहिल्याशिवाय दुसऱ्याची खोली कळत नाही.

आता विनोदाबद्दल, कारण 'इट्स अ गिफ्ट' पाहायचं पहिलं कारण तेच.

फील्ड्स मूळचा हातचलाखीचा, चेंडू-डबे फेकून झेलणारा रंगमंचावरचा कलावंत. त्याच्या हातांना वस्तूंची इतकी सवय होती की वस्तू हातातून निसटणं हीसुद्धा त्याची कमावलेली कला वाटते. सकाळी दाढी करण्याचा प्रसंग घ्या. मुलगी येऊन आरसा अडवते. हा बापुडा दिव्याच्या साखळीला हातातला लहान आरसा टांगतो, तो गरगर फिरतो, आणि फिरणाऱ्या आरशामागे वस्तरा घेऊन फिरणारा हा माणूस. कुठेही आरडाओरडा नाही. घरात आपल्याला जागा उरलेली नाही हे त्यानं कधीच स्वीकारलंय, एवढंच दिसत राहतं.

दुकानातला प्रसंग त्याहून मोठा. एक गिऱ्हाईक कुमक्वाट, म्हणजे बोराएवढी संत्री, ताबडतोब हवीत म्हणून डोकं खातंय. तेवढ्यात आंधळे आणि बहिरे मिस्टर मकल काठी आपटत येतात, दाराची काच फोडतात आणि विजेच्या दिव्यांच्या ढिगाऱ्यात शिरतात. हॅरल्ड त्यांना लाडीगोडीनं खुर्चीत बसवायला बघतो. एवढं रामायण कशासाठी, तर मकल यांना च्युइंगगमचं एक पाकीट हवंय, आणि तेही घरपोच. पाठोपाठ काकवीचं पिंप उघडं राहून दुकानभर काकवी पसरते.

पण या चित्रपटाचा प्राण म्हणजे मागच्या पडवीतला झोपेचा प्रसंग. बायकोच्या बोलण्यानं झोप उडालेला हॅरल्ड पहाटे पांघरूण घेऊन पडवीतल्या झोपाळ्यावर येतो. झोपाळ्याची एक बाजू कोसळते. दूधवाल्याच्या बाटल्या खणखणतात. एक नारळ जिन्यावरून पायरी पायरी खाली घरंगळत जातो, थांबला थांबला म्हणेपर्यंत पुन्हा सुरू. खालून एक विमा एजंट कार्ल लाफाँग नावाच्या माणसाची चौकशी करतो आणि नावातलं अक्षर न्‌ अक्षर सोडवून सांगतो, मग वर येऊन हॅरल्डलाच पॉलिसी विकायला बसतो. वरच्या मजल्यावरचं पोर जमिनीच्या भोकातून द्राक्षं टाकतं, नंतर बर्फ फोडायचा टोचा. शेजारची मायलेक औषध कुठलं आणायचं यावर मजल्यामजल्यांतून ओरडून बोलतात. कपडे वाळत घालायच्या दोरीची कप्पी करकरते. आणि बायको आतून विचारते, तू कुणाशी बोलतोयस?

या प्रसंगात कुणी वाईट नाही. प्रत्येक जण आपापलं काम करतोय. हा प्रसंग फील्ड्सनं 1920 च्या दशकात रंगमंचावर घोटला होता, 1926 च्या 'इट्स द ओल्ड आर्मी गेम' या त्याच्या मूकपटात त्याचं आधीचं रूप आहे. बोलपटात आवाज आले आणि तो पूर्ण झाला. चाळीत राहिलेल्या कुणालाही त्यातला प्रत्येक आवाज ओळखीचा वाटेल.

इथेच एक सावधगिरी. प्रवास हाच ज्यांना पाहायचा आहे त्यांची या चित्रपटात निराशा होईल. कुटुंब रस्त्याला लागेपर्यंत चित्रपट बराच पुढे गेलेला असतो, आणि प्रवासही दोन-तीन प्रसंगांत उरकतो. खरा रस्ता, सहासष्ट क्रमांकाचा महामार्ग, वाळवंट, राज्याच्या हद्दी, पेट्रोल पंपावरची माणसांची नजर, हे सगळं फोर्डकडे आहे. ग्रेग टोलँडचं छायाचित्रण असं की अंधाऱ्या घरात एका मेणबत्तीवर चेहरे उजळतात आणि बाकी पडदा काळा राहतो. लहान स्क्रीनवर, उजेडाच्या खोलीत हा चित्रपट पाहू नका, अर्धा वाया जाईल.

तुलनेसाठी मला सगळ्यात बोलके वाटतात ते खाण्याचे दोन प्रसंग.

'इट्स अ गिफ्ट'मधलं कुटुंब वाटेत एका श्रीमंताच्या बंगल्याचं आवार सार्वजनिक बाग समजून तिथे शिदोरी सोडतं. हिरवळीवर कागद, डबे आणि उशीतली पिसं पसरतात. बायको बजावते, तुझ्या सँडविचमधलं अर्धं पोराला दे. हॅरल्ड सगळं मांस हळूच आपल्या बाजूला दुमडून घेतो आणि पोराला नुसत्या पावाचा अर्धा भाग देतो. दोन सेकंदांची गोष्ट. हसू येतं, आणि या बापाबद्दल वाईट मत मात्र होत नाही.

फोर्डच्या चित्रपटात जोड कुटुंबाचा बाप रस्त्यालगतच्या खानावळीत दहा सेंटचा पाव मागतो. पाव पंधरा सेंटचा. आजीला दात नाहीत, पाव पाण्यात भिजवून द्यायचाय, आणि पैसे मोजून बाजूला काढलेत. आधी नाही म्हणणारी बाई शेवटी पाव देते. मुलं काचेतल्या गोळ्यांकडे बघत उभी असतात. त्या पेनीला दोन, असं ती सांगते. तो जातो. मग ट्रकवाले तिला विचारतात, त्या गोळ्या पेनीला दोन कधीपासून झाल्या? आणि जाताना सुट्टे पैसे न घेता निघून जातात. फोर्डनं इथे संगीत वाजवून आपल्याला रडवलेलं नाही. माझ्या मते अख्ख्या चित्रपटातलं हे सर्वोत्तम दृश्य आहे, शेवटच्या गाजलेल्या भाषणांपेक्षाही.

दोन्हींत वाटणी आहे. एकात ती घरातल्या घरात, कुरघोडीची. दुसऱ्यात अनोळखी माणसांमधली.

आईच्या बाबतीत फोर्डचा चित्रपट सरळ वरचढ आहे. जेन डार्वेल यांना मा जोडसाठी ऑस्कर मिळालं (फोर्ड यांनाही दिग्दर्शनाचं), आणि तपासणी नाक्यावरचा प्रसंग पाहिला की कारण कळतं. आजारी म्हातारीला डॉक्टरकडे न्यायचंय असं सांगून ती गाडीची तपासणी टाळते. म्हातारी गेलेली आहे हे फक्त तिला ठाऊक असतं. त्यासमोर हॅरल्डची बायको अमेलिया म्हणजे निव्वळ कजाग बाई, आणि आजच्या नजरेला हे खुपणारच. दिव्यांगत्वावरचा मकल यांचा विनोदही काहींना रुचणार नाही, ते मुलांबरोबर पाहण्याआधी ध्यानात घ्या. एक मात्र सांगायला हवं: अमेलिया साकारणाऱ्या कॅथलीन हॉवर्ड या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात गायलेल्या गायिका होत्या. तो आवाज, ती शब्दफेक, तक्रारीलाही येणारी लय ऐकताना भूमिका एकसुरी असल्याचं विसरायला होतं. हॅरल्डच्या मुलीची भूमिका केलेल्या जीन रुव्हेरॉल पुढे पटकथा लिहू लागल्या आणि 1950 च्या दशकात डाव्या विचारांपायी काळ्या यादीत गेल्या. नवऱ्यासोबत मेक्सिकोत राहण्याची वेळ त्यांच्यावर आली.

फोर्डच्या चित्रपटातही एक मोठी पोकळी आहे. ओक्लाहोमातली गोरी कुटुंबं येण्याआधी कॅलिफोर्नियाची शेतं मेक्सिकन आणि फिलिपिनो मजुरांच्या हातांवर चालत होती, आणि त्याच दशकात मेक्सिकन कुटुंबांना मोठ्या संख्येनं देशाबाहेर घालवलं गेलं. पडद्यावर त्यांचा मागमूस नाही.

शेवटाबद्दल थोडं सांगावं लागेल, ज्यांना नको त्यांनी हा परिच्छेद सोडावा. हॅरल्डला बागेच्या जागी ओसाड तुकडा आणि मोडकं झोपडं मिळतं, गाडीही तिथेच राम म्हणते. मग कळतं की शेजारच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाला नेमकी हीच जमीन हवीय. हा माणूस पहिल्यांदाच आयुष्यात घासाघीस करतो आणि खरीखुरी बाग पदरात पाडून घेतो. हा शेवट अनेकांना ओढूनताणून आणलेला वाटतो. मला तो त्या काळाशी इमान राखणारा वाटतो. कॅलिफोर्नियात शर्यतीवरच्या पैजांना 1933 मध्ये कायदेशीर परवानगी मिळाली होती आणि सांता अनिताचं मोठं मैदान 1934 च्या नाताळात खुलं झालं, चित्रपट आल्यावर महिन्याभराच्या आसपास. कष्टानं काही होणार नाही, नशीबच काय ते करेल, ही त्या वर्षातल्या सामान्य माणसाची खरी भावना होती. 1933 मध्ये दर चार कामकरी माणसांमागे एक बेकार होता.

तेव्हा कॅलिफोर्नियात काय चाललं होतं तेही पाहा. 1934 च्या नोव्हेंबरमध्ये तिथे गव्हर्नरपदाची निवडणूक झाली. लेखक अप्टन सिंक्लेअर दारिद्र्य संपवण्याचा कार्यक्रम घेऊन उभे होते. त्यांना पाडायला हॉलिवूडमधूनच प्रचारपट निघाले, ज्यांत बेकारांच्या झुंडी राज्यात उतरताना दाखवल्या होत्या. सिंक्लेअर हरले. त्याच महिन्यात त्याच हॉलिवूडमधून, पॅरामाउंटकडून, पश्चिमेला निघालेल्या कुटुंबाची ही कॉमेडी आली. 1936 मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखांनी राज्याच्या सीमेवर शिपाई उभे करून गरीब दिसणाऱ्यांना परत पाठवलं. फोर्डचे जोड ज्या नजरांना तोंड देतात त्या नजरा या सहा वर्षांत तयार झाल्या. म्हणूनच माझा क्रम 1934 आधी आणि 1940 नंतर असा आहे. आधी स्वप्न ज्यांना परवडत होतं ते पाहा, मग ज्यांच्याकडून सगळंच काढून घेतलं गेलं ते. उलट क्रमानं पाहिलात तर जोड कुटुंबानंतर हॅरल्डची दुःखं किरकोळ वाटतील, आणि ती तशी नाहीत.

अपवाद दोन. स्टाइनबेकची कादंबरी नुकतीच वाचून झाली असेल तर फोर्डचाच आधी पाहा. तिचा शेवट चित्रपटात बदललाय, सरकारी छावणीचा भाग शेवटाकडे नेऊन सूर आशेचा केलाय, आणि ते जाणवायला पुस्तक ताजं असावं लागतं. दुसरा अपवाद जुन्या इंग्रजीची सवय नसलेल्यांसाठी. फील्ड्स नाकातून, तोंडातल्या तोंडात पुटपुटतो, आणि निम्मी गंमत त्या पुटपुटण्यात आहे. इंग्रजी सबटायटल असलेलीच प्रत निवडा. ती मिळाली नाही तर फोर्डपासून सुरुवात करा, तिथे संवाद स्पष्ट आहेत आणि चेहरे बरंच काही बोलतात.

आणि 'इट्स अ गिफ्ट' आवडला, पण प्रवास कमी पडला असं वाटलं, तर त्याच वर्षीचा 'सिक्स ऑफ अ काइंड' आहे. लिओ मॅकॅरी यांचा, तासाभराचा, मोटारीनं कॅलिफोर्नियाला निघालेल्या मध्यमवयीन जोडप्याचा. फील्ड्स त्यात शेरीफ आहे, उत्तरार्धात येतो आणि बिलियर्डच्या टेबलाशी उभा राहून एक किस्सा सांगतो. त्यात मंदीचा चटका नाही, रस्ता मात्र भरपूर आहे.