शाळेकडून दिवाळीच्या शुभेच्छा : फ्लेक्स, ग्रुपवरचं चित्र आणि चिठ्ठी

दिवाळी आली की तालुक्याच्या फाट्यापासून गावातल्या एसटी थांब्यापर्यंत शाळेवाल्यांचे शुभेच्छांचे फ्लेक्स लागतात. जिल्हा परिषदेची शाळा असेल तर मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. खासगी अनुदानित हायस्कूल असेल तर संस्थाध्यक्ष, सचिव आणि त्यांच्याच घरचे दोघं-तिघं. जोडीला पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चित्रांचा मारा, आणि एखाद्या शाळेत पोराच्या हाती दिलेली छापील चिठ्ठी. या तिन्हींना खर्च किती, बिघडतं काय आणि गावात त्यांची किंमत काय राहते, ते इथं पाहू. गुण पाचपैकी.

फ्लेक्स : दोन गुण

सगळ्यात जास्त चालणारं माप आठ बाय चार, म्हणजे ३२ चौरस फूट. रोल ३, ४, ५, ६, ८ आणि १० फुटी रुंदीत येतात, त्यामुळे चारफुटी रोलवर हे माप काही वाया न जाता निघतं. कोणी हौसेनं साडेचार फूट उंची सांगितली की पाचफुटी रोल लावावा लागतो आणि दुकानदार पैसेही पाचाचेच धरतो. तालुक्याच्या ठिकाणी साध्या फ्लेक्सचा दर चौरस फुटाला साधारण १० ते १५ रुपये. १२ धरले तर छपाई ३८४ रुपये. लाकडी पट्ट्यांची चौकट, खिळे, बांबू, ने-आण आणि लावणाऱ्याची मजुरी मिळवली की आकडा सहज दुपटीपुढं जातो. बजेट मात्र सगळे छपाईचंच करतात.

काम बिघडतं ते फोटोत आणि अक्षरात. साहेबांचा फोटो व्हॉट्सॲपवरून मागवला जातो आणि तो येताना दबून येतो. फ्लेक्सला ७२ डीपीआय, म्हणजे इंचाला ७२ ठिपके, पुरतात हे खरं, पण तेवढ्यासाठीही एक फूट उंचीच्या चेहऱ्याला ८६४ पिक्सेल लागतात. सत्काराच्या ग्रुप फोटोतून कापलेल्या तोंडात ते दोनशेसुद्धा नसतात. मग गटशिक्षणाधिकारी धुक्यात आणि अध्यक्ष चकचकीत असा फ्लेक्स तयार होतो, आणि ‘फोटो मुद्दाम खराब लावला’ म्हणून रुसवे सुरू होतात. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितला तर निम्मा प्रश्न सुटतो.

अक्षराचं दुखणं जुनं आहे. बऱ्याच दुकानांत अजून कोरलड्रॉमध्ये युनिकोडच्या, म्हणजे मोबाइलवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीचे मराठी फॉन्ट चालतात. मोबाइलवर लिहिलेला मजकूर तिथं चिकटवला की रफार आणि वेलांट्या जागा सोडतात, म्हणून ऑपरेटर सगळा मजकूर हातानं पुन्हा टाइप करतो, तोही धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री, ऑर्डरींच्या ढिगाऱ्यात. ‘हार्दीक’, ‘शुभेच्छूक’, ‘दिपावली’ तिथून जन्माला येतात. शाळेच्या नावाखाली ‘हार्दीक’ दिसलं तर गाव ते वर्षभर सोडत नाही, आणि सोडूही नये. प्रूफ आलं की जो तो फक्त आपलं नाव आणि पद तपासतो. मथळा वाचायचं काम कोणाचंच नसतं. मथळा आधी वाचा, नावं मागून.

लावताना कड्या दोन-दोन फुटांवर मागा. नुसते चार कोपरे बांधले की मधला भाग वाऱ्यानं फुगतो आणि कोपऱ्याची कडी फाटून निघते. महावितरणच्या खांबाला फ्लेक्स बांधू नये, हे शाळेला तरी सांगावं लागू नये. ग्रामपंचायतीची परवानगी कागदावर घ्या. सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्ध राज्यात १९९५ पासून कायदा आहे, आणि त्याची आठवण नेमकी विरोधी पॅनेललाच होते.

एवढं सगळं नीट जमलं तरी फ्लेक्सला दोनच गुण, कारण त्याच्यावर नजर पडताच लोक पहिला हिशेब पैशाचा लावतात. हा कुणाच्या पैशानं लागला? ही शंका उगीच येत नाही. समग्र शिक्षा योजनेत शाळेला पटानुसार, म्हणजे पोरांच्या संख्येनुसार, संयुक्त अनुदान असतं : ३० पटापर्यंत १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे; उरलेल्यात वीजबिल, पाणी, खडू, किरकोळ दुरुस्ती. तेही बऱ्याचदा तुकड्यातुकड्यानं आणि उशिरा येतं. शुभेच्छा यातल्या कुठल्याच खात्यात बसत नाहीत. प्रत्यक्षात मुख्याध्यापक पुष्कळदा हा खर्च खिशातून किंवा शिक्षकांच्या वर्गणीतून करतात, पण तसं कुठं लिहिलेलं नसतं. वीजबिल थकलेल्या, पंखे बंद असलेल्या शाळेच्या फाटकावर चाररंगी फ्लेक्स दिसला की लोक आपापल्या परीनं उत्तर काढतात. पारावरचा शेरा ठरलेला : “गुरुजी, फोटू तं मस्तच आला, पन पोराचा दुसरा ड्रेस कवा भेटते?”

यावर साधा उपाय आहे. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘खर्च : शिक्षकांची वर्गणी’ अशी एक ओळ टाका. दुकानदार तिचे वेगळे पैसे घेत नाही.

संस्थेच्या हायस्कुलांना एवढ्यानं भागणार नाही. २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडीचा (शिक्षकाचा सरकारी पगार निघायला लागणारा क्रमांक) घोटाळा उघडकीस आला आणि शिक्षण खात्यातल्या वरिष्ठांना अटक झाली. तेव्हापासून कुठल्याही संस्थाध्यक्षाचा हात जोडलेला फोटो दिसला की शिक्षकाच्या जागेचा भाव काय चालू आहे, यावरच बोलणं येतं. ज्या संस्थांचा त्या प्रकरणाशी काडीचा संबंध नाही त्याही यात भरडल्या जातात. त्यात निवडणुकीच्या तोंडावर फ्लेक्सचं माप वाढलं, तर मग शुभेच्छा कोणी वाचतच नाही.

मजकुराचीही गोष्ट आहे. ‘सुख, समृद्धी आणि भरभराट’ हे दुकानातलं तयार वाक्य. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, आणि दिवाळीचा बाजार करायला लोकांनी माल विकला तो त्याच्या बराच खाली. अशा वेळी ‘भरभराट’ हा शब्द चावतो. ‘दिवाळीच्या शुभेच्छा, शाळा अमुक तारखेला सुरू होईल’ एवढं लिहिलं तरी पुष्कळ.

फ्लेक्सच्या बाजूनं एक गोष्ट मात्र कबूल करावी लागेल. तुळशीच्या लग्नानंतर तो खाली उतरतो आणि कुटारावर (जनावरांच्या भुसकटाच्या ढिगावर), नाहीतर गोठ्याच्या छपरावर जातो, आणि तिथं पाण्याला चांगला टिकतो. दोनपैकी अर्धा गुण याचा.

ग्रुपवरचं चित्र : एक गुण

खर्च शून्य आणि लायकीही जवळपास तेवढीच. बॅनर बनवायच्या ॲपमध्ये फोटो आणि पद टाकलं की रोज एक सण तयार मिळतो. खाली ॲपची जाहिरात फुकटात. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत रोज मुख्याध्यापकाचं एक, केंद्रप्रमुखाचं एक आणि अध्यक्षाचं एक चित्र येतं. या गर्दीत आधार दुरुस्तीची सूचना आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख वाहून जाते. पुष्कळ ठिकाणी ती सूचनाही चित्रातच असते, त्यामुळे मागाहून शोधली तरी सापडत नाही. अक्षरं वाचता न येणाऱ्या आजीला तर तिचा उपयोगच नाही, आणि बापाचा मोबाइल दिवसभर वावरात.

खरा राग वेगळाच आहे. ग्रुप ‘फक्त ॲडमिन’ वर ठेवलेला असतो. शाळेनं शुभेच्छा द्यायच्या आणि पालकांनी पाहायच्या. खिचडीचा तांदूळ आला का, एवढंही विचारायची सोय नाही. सणाच्या गर्दीपुरता ग्रुप बंद ठेवणं समजू शकतं. जूनपासून बंद असलेल्या ग्रुपवर गोड शुभेच्छा आल्या की त्या तोंडावर दार लावून दिल्यासारख्या वाटतात.

सणांची निवडही लोक बारकाईनं पाहतात. दिवाळीला पाच चित्रं आणि १४ ऑक्टोबरला धम्मचक्र प्रवर्तन दिनाचं एकही नाही, हे बौद्ध वस्तीत लगेच लक्षात येतं. ईदचंही तेच. मेळघाटात कोरकूंचा मोठा सण होळी. तिथं दिवाळीचा गाजावाजा करून होळीला गप्प बसणाऱ्या शाळेला परकं मानलं तर नवल नाही. एकतर सगळ्यांचे सण धरा, नाहीतर शाळेच्या सुट्टीपुरतंच बोला. ग्रुपवर काही टाकायचंच असेल तर गावच्या बोलीत अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप टाका. तो आजीही ऐकते.

चिठ्ठी : चार गुण

ए-फोर कागदाची एक बाजू. झेरॉक्स पानाला २ रुपये धरली तर ६० पटाच्या शाळेला १२० रुपये. अर्ध्या पानात बसवली तर ६०. वरच्या दोन ओळींत शुभेच्छा, आणि खाली लोक जे एरवी पाठीमागं विचारतात ते सगळं :

‘यंदा शाळेला अनुदान मंजूर किती, हातात आलं किती, खर्च कशावर किती. गणवेश : आले किती, राहिले किती, कधी मिळतील. शिक्षक : मंजूर किती, हजर किती. समितीची पुढची सभा कोणत्या तारखेला, किती वाजता. दुसरं सत्र कधी सुरू.’ खाली मुख्याध्यापक आणि समितीच्या अध्यक्षांची सही.

प्रत्येक ओळीमागं गावातली एक कुजबुज असते. गणवेशाची ओळ सगळ्यात आधी वाचली जाते. २०२४-२५ ला ‘एक राज्य एक गणवेश’मध्ये ठिकठिकाणी शिलाई रखडली, मापं चुकली आणि ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडं आलं, दोष मात्र गुरुजींच्या नावावर जमा झाला. शिक्षकांच्या ओळीत निकषही लिहावा : शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीला ६० पटापर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. ५८ पटाच्या शाळेत तिसरा शिक्षक का नाही, हे त्या एका ओळीत कळतं, आणि ‘साहेबानं आपला मास्तर दुसऱ्या गावाले देला’ ही अफवा थांबते. आहाराचं प्रमाणही टाका : पाचवीपर्यंत १०० ग्रॅम धान्य, सहावी ते आठवी १५० ग्रॅम. वीस पटाखालच्या शाळांनी ‘शाळा बंद होणार का’ याचं उत्तर, जेवढं ठाऊक असेल तेवढंच, लिहावं. २०२३ मध्ये समूह शाळांची, म्हणजे कमी पटाच्या शाळा एकत्र करायची, कल्पना निघाल्यापासून अशा गावांत हाच प्रश्न आहे, आणि तिथं गुळमुळीत शुभेच्छा म्हणजे बंदीची चाहूल समजतात.

ही माहिती देणं उपकारात मोडत नाही. कोणी १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाकला तर पानाला २ रुपये घेऊन हीच द्यावी लागते. समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं कायदा सांगतो, म्हणजे आकडे त्यांच्यापुढं आलेले असायलाच हवेत. जिथं सभा कागदावरच झाली तिथं चिठ्ठी लिहिता येत नाही. चिठ्ठीचा पाचवा गुण जातो तो यामुळे, आणि दुसरं म्हणजे सरकारी भाषेमुळे. ‘उपरोक्त विषयान्वये’ सुरू केलं की कागद पोराच्या दप्तरातच विमान होतो.

आकडे खोटे टाकले तर मात्र चिठ्ठी फ्लेक्सपेक्षा वाईट. फ्लेक्स उतरतो, सहीचा कागद लोक रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवतात.

फ्लेक्स करायचाच असेल तर ऑर्डर धनत्रयोदशीच्या आठवडाभर आधी द्या, फोटो चारपेक्षा जास्त नको, आणि पैसे कुणाचे ते खाली लिहा. चिठ्ठी सत्राच्या शेवटच्या दिवशी वाटू नका. त्या दिवशी निम्मी पोरं मामाच्या गावाला निघालेली असतात. दोन दिवस आधी वाटा, आणि दुसऱ्या दिवशी वहीत आईची किंवा बापाची सही, नाहीतर अंगठा, पाहून घ्या.