बोडेनझेची सायकलवाट: पूर्ण फेरीपेक्षा पश्चिमेचा भाग मोलाचा

जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया या तिन्ही देशांचा काठ लाभलेल्या बोडेनझेभोवती, म्हणजे लेक कॉन्स्टन्सभोवती, सुमारे २६० किलोमीटरची सायकलवाट आखलेली आहे. वाट बहुतेक सपाट, पाट्या चोख, आणि थकलात तर रेल्वे स्टेशन नाहीतर बोटीचा धक्का फारसा लांब नसतो. सामान लादून पहिल्यांदाच लांब सायकल चालवणाऱ्याला यापेक्षा सोपी सुरुवात मिळणं अवघड. तरीही ‘चार दिवसांत पूर्ण फेरी’ हा बेत करू नका. रोजचे ६५ किलोमीटर पायांना झेपतात, पण मग मठ, किल्ले, जुनी गावं हे सगळं मान वळवून बघत पुढं जावं लागतं. शिवाय पूर्ण फेरीत शांत वाटेइतकीच गजबजलेली वाटही पदरी पडते.

शांतता आणि इतिहास दोन्ही हवं असेल तर पश्चिमेचं धाकटं सरोवर निवडा. त्याला उंटरझे म्हणतात. मोठ्या सरोवरातून निघालेली ऱ्हाइन कॉन्स्टान्स शहराजवळ चारेक किलोमीटर वाहून या उंटरझेत शिरते. त्याची प्रदक्षिणा दमदार माणूस एका दिवसात उरकेल. दोन दिवस द्या, तीन दिले तर उत्तम.

दिशा घड्याळाच्या काट्यांची ठेवा. तिन्ही देशांत वाहनं उजवीकडून चालतात, त्यामुळे या दिशेनं सरोवर कायम उजव्या हाताला राहतं आणि काठावर थांबायला रस्ता ओलांडावा लागत नाही. डावीकडून चालवायची सवय असलेल्यांचा घोळ होतो तो चौकात, आणि थांबून पुन्हा निघताना. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम सायकललाही लागू आहे. वाटेची खूण म्हणजे सायकलस्वाराचं चित्र, मागचं चाक निळं. स्विस काठावर गडद लाल पाट्या दिसतात. तिथे ऱ्हाइन मार्गाचा २ हा आकडा धरून चालावं.

कॉन्स्टान्समधून निघण्याआधी बंदराजवळची कोन्झिल नावाची भव्य इमारत बघावी. १३८८ मध्ये बांधलेलं हे व्यापाऱ्यांचं कोठार. १४१४ ते १४१८ या काळात इथे भरलेल्या धर्मपरिषदेत १४१७ साली पाचव्या मार्टिनची पोप म्हणून निवड झाली, ती याच इमारतीत. याच परिषदेनं यान हुस या धर्मसुधारकाला दोषी ठरवलं आणि ६ जुलै १४१५ रोजी त्याला गावाबाहेर जिवंत जाळलं. स्विस बाजूनं थोडंसं पुढं गेलं की गॉटलीबेन लागतं. हुसला काही काळ कैदेत ठेवलं होतं तो वाडा इथलाच. आत जाता येत नाही, बाहेरूनच बघायचा. पण कोन्झिल पाहून अर्ध्या तासात या भिंतींपाशी पोचलं की त्या परिषदेचं दुसरं तोंड दिसतं, आणि हे सायकलच्या वेगामुळेच साधतं.

एर्माटिंगेनच्या पुढं आरेनेनबेर्गचा छोटा राजवाडा आहे. पुढं फ्रान्सचा सम्राट झालेल्या तिसऱ्या नेपोलियनचं लहानपण आणि तरुणपण बरंचसं इथे गेलं. राजवाडा काठावर नाही, टेकडीवर आहे. सामान लादलेली सायकल चढावर ढकलत न्यावी लागली तर वाईट वाटून घेऊ नका. वरून रायशेनाउ बेट अख्खं दिसतं. श्टाइन आम ऱ्हाइनला सरोवर संपून पुन्हा नदी होते. चौकातल्या घरांच्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत, पण पायाखाली दगडी फरशी आहे. ती ओली असेल तर सायकलवरून उतराच. दुपारी इथे पर्यटकांची झुंबड असते, म्हणून मुक्काम इथेच करून सकाळी आठच्या आत चौक बघावा.

नदी ओलांडून जर्मन हद्दीत आलं की होरी हा भूभाग लागतो, आणि सगळ्या वाटेवरची खरी निवांत जागा हीच. फळबागा, भाज्यांची शेतं, छोटी गावं. गायेनहोफेनला लेखक हेरमान हेस १९०४ ते १९१२ या काळात राहत होता, शेजारच्या हेमेनहोफेनला चित्रकार ओटो डिक्स. दोघांचीही घरं बघायला खुली आहेत, पण वारांचा आणि वेळांचा काटेकोरपणा आहे. आधी पाहून ठेवा. राडोल्फत्सेलपासून पुढं मात्र रेल्वे आणि महामार्ग यांची सोबत बराच वेळ सुटत नाही. हा तुकडा सुंदर असल्याचं सगळ्या माहितीपत्रकांत लिहिलेलं असतं. तसा तो नाही. वाट चांगली आहे, आवाज वाईट आहे.

त्याची भरपाई रायशेनाउ करतं. बेटाला जोडणारा बांध १८३८ साली घातला गेला. दोन्ही बाजूंना उंच पॉपलरची झाडं, त्यांच्यापलीकडे उंच पाणगवताचं रान. ७२४ मध्ये इथे मठ स्थापन झाला आणि २००० साली हे बेट जागतिक वारशाच्या यादीत आलं. तीन जुनी चर्च आहेत. वेळ एकाच चर्चपुरता असेल तर ओबरत्सेलचं सांक्ट गेओर्ग गाठा. मधल्या दालनाच्या दोन्ही भिंतींवर येशूच्या चमत्कारांची आठ मोठी चित्रं हजारएक वर्षांपासून आहेत. डावीकडच्या भिंतीवर मागाहून काढलेलं एक छोटं चित्र शोधून बघा: चार सैतानांनी गाईचं कातडं ताणून धरलंय आणि त्यावर बायकांच्या वायफळ गप्पा लिहिल्या जातायत. माणसांच्या श्वासातल्या ओलाव्यानं भिंती खराब होतात, म्हणून उन्हाळ्यात आत फक्त ठरलेल्या वेळच्या मार्गदर्शित फेरीतच सोडतात. ही वेळ चुकली तर दार बंदच. दिवसाचं गणित या वेळेपासून उलटं मांडा, बाकीचं बेट मागंपुढं बसवता येतं.

मोठ्या सरोवराचं काय? सगळं सोडून देऊ नका, पण निवडून घ्या. कॉन्स्टान्सच्या श्टाड धक्क्यावरून मेर्सबुर्गला मोटारींची फेरी जाते. १९२८ पासून चालू असलेली ही बोट साधारण १५ मिनिटांत पलीकडे नेते, रात्रीही बंद नसते आणि सायकलला आरक्षण लागत नाही. बोटीवर सायकल स्टँडवर सोडून वर नजारा बघायला जाऊ नका. धक्क्याला लागताना बसलेल्या हिसक्यानं लादलेली सायकल आडवी होते. कठड्याला टेकवून दोरीनं बांधा.

मेर्सबुर्गचं जुनं गाव उभ्या चढावर आहे. सायकल खालच्या गावात कुलूप लावून ठेवावी आणि किल्ल्याकडे पायी जावं. तिथून वायव्येला काही किलोमीटरवर उंटरउल्डिंगेन. सरोवरात खांब रोवून उभारलेल्या पाषाण आणि कांस्य युगातल्या घरांच्या प्रतिकृती इथे १९२२ पासून आहेत. लक्षात घ्या, ही घरं नव्यानं बांधलेली आहेत. २०११ साली जागतिक वारशात गेले ते खरे अवशेष, पाण्याखालच्या गाळात बुडालेले खांब; ते दिसत नाहीत. हे माहीत असलं की निराशा होत नाही, आणि संग्रहालयही जास्त कळतं. पुढं द्राक्षमळ्यांच्या वर बिर्नाउचं चर्च आहे, बांधकाम १७४६ ते १७४९. आत मधाचं बोट चाटणारं गुटगुटीत बाळ बघितल्याशिवाय परतू नका. चढ छोटा, पण दम काढणारा.

मेर्सबुर्ग ते लिंडाउ हा उत्तर काठ जुलै-ऑगस्टमध्ये शांतता शोधणाऱ्यांसाठी नाही. अरुंद वाटेवर पोहायला निघालेली कुटुंबं, कुत्री, विजेच्या सायकली, सगळं एकत्र. मे किंवा सप्टेंबरात हाच भाग सुसह्य होतो. फ्रीडरिशहाफेनचं झेपेलिन, म्हणजे हवाई जहाजांचं, संग्रहालय चांगलं आहे, त्यासाठी रेल्वेनं जाऊन यावं.

आता भाड्याच्या सायकलीबद्दल, कारण खोळंबा बहुतेक वेळा इथेच होतो. पहिली गोष्ट ब्रेक. आपल्याकडे उजव्या हाताचा ब्रेक बहुधा पुढच्या चाकाचा असतो. इथे बहुधा डावा हात पुढच्या चाकाचा. सवयीनं डावा करकचून दाबला की लादलेल्या सायकलचं पुढचं चाक जागीच अडकतं. ताब्यात घेताना दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून बघा. काही सायकलींना पायडल उलटं फिरवलं की लागणारा मागचा ब्रेक असतो. त्यात पायडल मोकळं मागं फिरत नाही, म्हणून थांबतानाच एक पायडल वरच्या बाजूला येईल असं थांबायचं, नाहीतर निघताना धडपड होते.

दुसरी गोष्ट व्हॉल्व्ह. तीन प्रकारचे असतात. आपल्या पंपाचं तोंड जुळतं का ते दुकानातच हवा भरून बघा. ४० मिलिमीटरच्या टायरला साडेतीन ते चार बार हवा पुरते, सामान असेल तर मागच्यात थोडी जास्त. हवा कमी राहिली की मुळांनी उचललेल्या डांबरावर ट्यूब रिमखाली चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. एकच भोक बुजवून पुढं निघालेला माणूस दहा मिनिटांत पुन्हा खाली बसतो. कॅरियरवर लिहिलेली मर्यादा बहुधा २५ किलोची असते. ती गाठूच नका. १२ ते १४ किलो पुरे, जड वस्तू पिशवीच्या तळाशी आणि दोन्ही बाजू सारख्या. एका बाजूला भार गेला की सायकलचा तोल बिघडतो.

काठावर जागोजागी नारिंगी दिवे आहेत. मिनिटाला ४० वेळा लुकलुकले तर जोरदार वाऱ्याचा इशारा, ९० वेळा लुकलुकले तर वादळाचा. मोजायची सोपी रीत: १५ सेकंदांत दहाच्या आसपास म्हणजे पहिला, बावीस-तेवीस म्हणजे दुसरा. हे दिवे होड्यांसाठी असले तरी बांधावर किंवा पुलावर आडवा वारा सायकललाही लोटतो. दुसरा इशारा असेल तर रायशेनाउचा बांध थांबून, वारा ओसरल्यावरच ओलांडा.

किरकोळ पण नडणाऱ्या गोष्टी: रविवारी जर्मनीतली किराणा दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारी संध्याकाळीच पाव, चीज, फळं घेऊन ठेवा. जर्मनी आणि ऑस्ट्रियात युरो, स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक. फक्त युरोपीय संघापुरतं घेतलेलं मोबाइल पॅकेज स्विस काठावर बंद पडू शकतं किंवा महाग पडतं, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या. तिन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात, असले तरी पासपोर्ट जवळ ठेवा. स्विस गावांतल्या कारंज्यांचं पाणी पिता येतं. ‘काइन ट्रिंकवासर’ लिहिलेलं दिसलं तर मात्र बाटली भरू नका. आणि उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी रेल्वेवर विसंबू नका. सायकलचं वेगळं तिकीट काढलेलं असलं तरी डब्यात जागा नसेल तर पुढच्या गाडीची वाट बघावी लागते. परतीचं विमान त्या दिवशी असेल तर सायकल आदल्या संध्याकाळीच दुकानात देऊन टाका.