कोल्हापुरातलं कानाचं क्लिनिक, जिथं शब्दांची तपासणी होते

कानाची मशीन घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं आहे. मशीन कुठल्या कंपनीची, हे नंतर विचारा. आधी विचारा की इथं शब्दांची तपासणी करतात का, आणि मशीन घातल्यावर कानाच्या आतला आवाज मोजतात का. मी कोल्हापुरातल्या ज्या क्लिनिकमधून मशीनची जोडी घेतली तिथं या दोन्ही गोष्टी होतात, म्हणून हे लिहितोय.

माझी सगळी नोकरी इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, म्हणून झाली. शेडमध्ये माग चालू असले की शेजारच्याचं बोलणं तोंडाकडं बघूनच समजून घ्यायचं. त्या खडखडाटानं कान हळूहळू गेले. गेले म्हणजे आवाज बंद झाला असं नाही. नात काहीतरी म्हणतेय हे कळायचं, पण काय म्हणतेय ते कळायचं नाही. घरची माणसं आवाज चढवून बोलायची आणि त्यानं काडीचा फरक पडायचा नाही.

त्याचं कारण क्लिनिकमध्ये कान तपासणाऱ्या मॅडमनी ऐकण्याच्या आलेखावर दाखवलं. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. १००० हर्ट्झपर्यंत (हा आकडा जितका मोठा तितका आवाज वरच्या पट्टीतला) रेघ ठीक, पुढं उतरत जाऊन ४००० पाशी खड्डा. गोंगाटात काम केलेल्या माणसाचा आलेख असाच दिसतो म्हणाल्या. बोलण्याचा जोर असतो आ, ई, ऊ अशा स्वरांत, आणि ते खालच्या पट्टीत असतात, म्हणून बोलणं ऐकू येतं. स, श, त, क यांची ओळख पटवणारा आवाज बारीक आणि वरच्या पट्टीत. शब्द ओळखायला तोच लागतो आणि माझा तोच गेलेला. ओरडून बोललं की स्वर मोठे होतात, व्यंजनं त्या मानानं वाढत नाहीत.

मग केबिनमध्ये शब्दांची यादी. मॅडमनी तोंडापुढं कागद धरला आणि एकेक शब्द म्हटला, मी तो परत म्हणायचा. २५ पैकी १४ बरोबर आले. त्यांनी चुकांवर बोट ठेवलं: ‘पाट’ला मी ‘ताट’ म्हणालो, ‘तार’ला ‘कार’, पण ‘पार’ला ‘बार’ एकदाही म्हणालो नाही. प आणि ब किंवा क आणि ग यांतला फरक कंठ नेमका कधी थरथरायला लागतो एवढ्याचाच, तोही सेकंदाच्या काही शतांश भागांचा. ती थरथर खालच्या पट्टीत असते, म्हणून ती मला अजून मिळते. १९६४ साली अमेरिकेत लिस्कर आणि अब्राम्सन या संशोधकांनी हाच वेळ अकरा भाषांत मोजला, त्यांत आपली मराठीही होती, हेही मॅडमनीच सांगितलं. मला फार बरं वाटलं ते ऐकून.

कागद बाजूला केल्यावर तेवढ्याच शब्दांतले १९ बरोबर आले. प, ब, म हे ओठ मिटून निघतात, ते डोळ्याला दिसतात. कानाला न मिळालेलं डोळ्यानं पुरवलं. नंतर पूर्ण वाक्यं घेतली, ‘विहिरीला पाणी कमी झालंय’ अशी, आणि ती जवळपास सगळी बरोबर आली. पुढचा-मागचा संदर्भ मिळाला की गाळलेल्या जागा मेंदू स्वतःच भरतो. १९७० मध्ये रिचर्ड वॉरन या शास्त्रज्ञानं वाक्यातला एक आवाज कापून तिथं खोकल्याचा आवाज भरला होता. ऐकणाऱ्यांना शब्द अखंडच ऐकू आला, आणि खोकला नेमका कुठं आला हेही सांगता येईना. चांगल्या कानाच्या माणसाचा मेंदूही हे करतो, त्याला कधीतरी करावं लागतं. माझ्यासारख्याला दिवसभर करावं लागतं, म्हणून लग्नकार्यातून आल्यावर मी गळून जायचो. ते वयामुळं असेल असं घरात सगळ्यांना वाटायचं.

नात सोबत होती, तिच्यासाठी मॅडमनी एक व्हिडिओ लावला. पडद्यावरच्या माणसाचं तोंड ‘ग’ म्हणतंय, त्यावर आवाज ‘ब’चा टाकलेला. मला स्वच्छ ‘द’ ऐकू आला, नातीलाही ‘द’च. डोळे मिटले की ‘ब’. उघडले की पुन्हा ‘द’. खरं काय ते सांगितल्यावरसुद्धा तेच. मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड या संशोधकांनी १९७६ साली हे जगापुढं मांडलं. शेडमध्ये इतकी वर्षं आम्ही एकमेकांचं बोलणं कसं धरत होतो, ते त्या खुर्चीत बसून मला समजलं.

मशीन बसवताना कानाच्या नळीत केसासारखी बारीक नळी सोडली आणि स्पीकरवर एक बोलणं लावलं. बायका बोलताहेत असं वाटतं, पण एक शब्द लागत नाही. सहा भाषांचे बारीक तुकडे जोडून ते मोजणीसाठी मुद्दाम तसं केलेलं असतं. पडद्यावर हळू, मध्यम आणि मोठ्या बोलण्याच्या रेघा येतात, त्या ठरलेल्या रेघेवर येईपर्यंत मशीनचं सेटिंग बदलत राहायचं. यात बराच वेळ गेला, पण हीच खरी सेवा. आमच्या गल्लीत एकानं याहून महाग मशीन घेतलीय. दुकानदारानं आवाज वाढवून दिला आणि पाठवलं. ती ड्रॉवरमध्ये पडून आहे.

दोन्ही कानांना मशीन घ्यायला लावतात म्हणून कुरकुर करू नका. आवाज एका कानाला सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ आधी पोचतो, आणि तेवढ्यावरून मेंदू त्याची दिशा ठरवतो. गर्दीत एकाचंच बोलणं धरायला ते लागतं.

सुरुवातीला प्लॅस्टिकची पिशवी, पंखा, भांडी, सगळं अंगावर येतं. मॅडमनी आवाज मुद्दाम कमी ठेवून टप्प्याटप्प्यानं वाढवला. घरी अभ्यास दिला: बायकोनं माझ्या पाठीमागं बसून ‘पुढारी’ वाचायचा, मी वाक्य परत म्हणायचं. मागाच्या आवाजावरून बिघाड ओळखायला नवा पोरगा जसा ऐकून ऐकूनच शिकतो, तसं मेंदूला ‘स’ आणि ‘श’ परत शिकवावे लागतात. मशीन घालून दिवस काढला तरच ते जमतं, कार्यक्रमापुरती घालणाऱ्याला नाही. आता पाठमोरी नात बोलली तरी बहुतेक कळतं. एसटी स्टँडवर अजून नाही कळत, आणि तिथं पूर्ण कळेल असं मॅडमनीही कधी म्हटलं नव्हतं.

उणिवाही सांगतो. शब्दांची यादी मॅडम स्वतः वाचतात, रेकॉर्ड केलेली नाही, त्यामुळं दुसऱ्याच्या आवाजात आकडा वेगळा येऊ शकेल. गोंगाटातली मराठी वाक्यांची तपासणी हवी होती, ती नाही. मोबाईलमधलं ॲप इंग्रजीत आहे. ३१२ नंबरची तपकिरी स्टिकरची बॅटरी आठवड्याभरात संपते आणि जाड बोटांत धरता येत नाही; ज्यांची बोटं थरथरतात त्यांनी चार्जिंगची मशीन मागावी. स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्या, मगच बॅटरी आत घाला.

जोडीला ८२,००० रुपये पडले. नंतरच्या सेटिंगचे पैसे वर्षभर घेत नाहीत. कुठंही गेलात तरी तपासणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी आहे का ते बघा. ज्याचं बोलणं तुम्हाला कळायला हवंय, घरातलं ते माणूस सोबत न्या, मॅडम त्याच्याकडूनही शब्द म्हणवून घेतात. शनिवारी गर्दी असते, फोन करून वेळ घेऊनच जा.