डिजिटल वजनकाटा : सहा महिन्यांच्या वापरानंतर

केकच्या पाककृतीतील ‘एक कप’ म्हणजे नेमका केवढा, या प्रश्नाला कंटाळून मी पाच किलोपर्यंत वजन करणारा, एक ग्रॅमपर्यंत आकडा दाखवणारा काटा घेतला. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातील २५० मिलिलिटरचा, आणि आपला चहाचा कप या दोहोंशी जुळेलच असे नाही.

खरा फरक मैद्यात जाणवतो. चमच्याने हलकेच भरून सपाट केलेल्या अमेरिकी कपात मैदा सुमारे १२५ ग्रॅम बसतो. मात्र तोच कप डब्यात खुपसून भरला, तर वजन १५० ग्रॅमपर्यंत जाते आणि केक कोरडा होतो. (माझे कित्येक केक याच कारणाने बिघडले, दोष मी उगाचच ओव्हनला देत होते.) साखर दाबली जात नसल्यामुळे तिचा कप जवळजवळ नेहमीच २०० ग्रॅमचा भरतो.

भांडे ठेवून आकडा शून्यावर आणण्याची सोय उत्तम आहे, त्यामुळे सारे जिन्नस एकाच पातेल्यात मोजता येतात. मिलिलिटरचे बटण मात्र फसवे आहे, कारण ते प्रत्येक द्रव पाण्याइतकाच जड धरते. वास्तविक १०० मिलिलिटर तेलाचे वजन सुमारे ९२ ग्रॅमच असते. दोन-तीन ग्रॅम खाण्याच्या सोड्यासाठीही हा काटा भरवशाचा नाही. तिथे पाच मिलिलिटरचा चमचाच वापरावा.